ओल्ड प्वेब्लोचे चोवीस तास: यंदा १६ फेऱ्या

गेल्या फेब्रुवारीत १४ फेऱ्या, यंदा १६. दोन फेऱ्या कुठून आल्या हे विसरायच्या आत लिहून ठेवतोय.

नव्यांसाठी थोडक्यात: ‘ट्वेंटी-फोर अवर्स इन द ओल्ड प्वेब्लो’ ही माउंटन बाइकची शर्यत ॲरिझोनात, टुसॉनच्या उत्तरेला ओरॅकलजवळ विलो स्प्रिंग्ज रँचवर होते. शनिवारी दुपारी १२ ते रविवारी दुपारी १२. एक फेरी साधारण १६ मैलांची, म्हणजे जवळपास २६ किलोमीटर. संघातला एकच जण ट्रॅकवर. तो आला की तंबूत बॅटन पुढच्याच्या हातात. आम्ही त्याला खो म्हणतो. आमचे चौघे असे: सांगलीकर, ठाणेकर ताई, मी आणि नागपूरकर. खोचा क्रमही हाच.

गेल्या वर्षीच्या माझ्या फेऱ्यांच्या वेळा (तास:मिनिटं): १:२३, १:४१, २:०४. पहिल्या फेरीचा आनंद फार झाला होता आणि तिसरीत पाय दगड झाले. यंदाच्या: १:२९, १:३९, १:४४, १:३१.

पहिली फेरी सहा मिनिटं हळू काढली, तीही ठरवून. सुरुवातीला जीपच्या रस्त्यावर एकामागोमाग छोटे, उभे चढ येतात. ताज्या पायांनी तिथे सगळेच सुसाट सुटतात. मी हृदयाचे ठोके १५५ च्या वर जाऊ द्यायचे नाहीत असं ठरवलं होतं. पन्नासेक जण पुढे गेले, जाऊ दिले. ऑक्टोबरपासून फिनिक्सच्या साउथ माउंटनवरच्या डेझर्ट क्लासिक या वाटेवर हाच सराव केला होता: चढावर शांत राहायचं, वळणांवर ब्रेक कमी लावून वेग टिकवायचा.

दुसरी फेरी रात्री ८:५५ ला. सिंगलट्रॅकच्या, म्हणजे एकच सायकल मावेल अशा अरुंद वाटेच्या, दोन्ही बाजूंना चोया निवडुंग इतका जवळ असतो की हँडलबार जेमतेम जातं. लोक म्हणतात चोया उडी मारतो. उडी नाही मारत, पण काट्यांना उलटे बारीक दात असतात आणि नुसता स्पर्श झाला तरी त्याचा गोळा तुटून अंगात रुततो. डाव्या दंडात एक बसला. हाताने ओढायचा नाही, ओढणारा हातही अडकतो. जर्सीच्या खिशात जाड दातांचा कंगवा होता. गोळ्याखाली घालून एका झटक्यात उडवला. उरलेले काटे तंबूत चिमट्याने काढले. कंगवा प्रत्येकाने ठेवाच.

दिव्यांचा फरक मोठा. गेल्या वर्षी फक्त हेल्मेटवर दिवा होता. तो डोळ्यांच्या रेषेतच असल्यामुळे दगडांच्या सावल्या दिसत नाहीत, सगळं सपाट वाटतं. यंदा हँडलबारवर दुसरा लावला. खालून येणाऱ्या उजेडात प्रत्येक दगडाची सावली पडते, खोली कळते. वळणाच्या पलीकडे बघायला हेल्मेटचा दिवा. चढावर दोन्ही मंद ठेवले, बॅटरी पुरली.

पण खरी कमाई सायकलवर झालीच नाही. गेल्या वर्षी रात्री तीनदा बॅटन घेऊन येणारा तंबूत उभा आणि पुढचा झोपलेला! यंदा ताईंनी नियम घातला: फेरी संपवलेल्याने कपडे बदलून, खाऊन तासभर जागं राहायचं, ट्रॅकवर असलेल्याच्या पुढच्याला उठवायचं आणि मगच झोपायचं. म्हणजे मी ट्रॅकवर असताना ताई नागपूरकराला उठवणार. एकही खो चुकला नाही. खाणंही ठरलेलं: फेरी झाली की गरम मेतकूट-भात आणि तूप, निघण्याआधी अर्धा तास राजगिऱ्याचा लाडू. एनर्जी जेलच्या पाकिटांनी माझं पोट बिघडतं, भाताने कधीच नाही.

पहाटेची तिसरी फेरी सर्वात कठीण. बोटं गोठून गिअर बदलताना अंगठा कळत नव्हता. १:४४ तिथेच गेले. सूर्य मात्र नागपूरकराच्या वाट्याला आला.

चौथी संपवून तंबूत शिरलो तेव्हा ११:३२. आता पेच. बारा वाजून गेल्यावर रेषा ओलांडली की शर्यत संपते, म्हणून काही जण रेषेअलीकडे थांबून राहतात. मीही अठ्ठावीस मिनिटं थांबलो असतो तर १५ वर संपलं असतं. पण आत नागपूरकर हेल्मेट घालून, हात पुढे करून उभा दिसला. “दे ना भाऊ, थांबला कायले?” बॅटन दिलं.

तो १:०८ ला आला. आम्ही तिघं रेषेपाशी होतो, ताईंच्या हातात त्याच्यासाठी भाताचा डबा.

आता एप्रिलपासून आठवड्यातून दोनदा पहाटे चारचा सराव. थंडीतल्या हातमोज्यांबद्दल कुणाचा अनुभव असेल तर जरूर सांगा. बोटं हलायला हवीत आणि ब्रेकची पकड जायला नको, असे हवे आहेत.