पानवलचा पूल टेंपोत घालून: दापोली ते रत्नागिरी

मॉडेल रेल्वेचा लेआउट, म्हणजे तक्त्यांवर मांडलेला रूळ-डोंगरांचा छोटा देखावा, घेऊन कोकणात प्रदर्शनाला जाणाऱ्यांना आधीच सांगतो, की टेंपो किनाऱ्याच्या रस्त्याने नेऊ नका आणि सूर्य मावळल्यावर वार्निशच्या डब्याला हात लावू नका. या दोन्ही गोष्टी मी गेल्या फेब्रुवारीत एकाच दिवशी केल्या. पहिली एका संयोजकाच्या सांगण्यावरून केली आणि दुसरी पहिलीमुळे करावी लागली. चार महिन्यांचे रंगकाम त्या एका रात्रीत पांढरे पडले.

माझा लेआउट कोकण रेल्वेच्या रत्नागिरीजवळच्या पानवल पुलाचा आहे. मूळ पूल ४२४ मीटर लांब आणि ६४ मीटर उंच आहे. एचओ प्रमाणात, म्हणजे १:८७ ला, त्याची लांबी ४.८७ मीटर येते आणि सर्वांत उंच खांब साधारण ७४ सेंटिमीटरचा होतो. चार-चार फुटांचे चार तक्ते जोडले की ही लांबी जवळजवळ नेमकी भरते, आणि मुख्यतः त्यासाठीच मी हा पूल निवडला. त्याच मार्गावरचा करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा याच प्रमाणात ७५ मीटरचा होईल, म्हणून त्याचे नुसते तोंड केले आहे. काळ २०१० च्या सुमाराचा धरला आहे: एक डिझेल इंजीन, निळे अकरा आयसीएफ (चेन्नईच्या कारखान्याच्या जुन्या बनावटीचे) डबे आणि सहा मालवाहू वाघिणी.

डब्यांचे रंगकाम पुण्यात झाले होते. कारखान्याचा चकचकीत रंग अल्कोहोलने उतरवून प्रायमर, निळ्या रंगाचे पातळ तीन हात, चकाकीचे वार्निश, त्यावर क्रमांकांच्या डिकॅल (पाण्याने चिकटवायच्या पातळ छापील पट्ट्या), मग काळपट तपकिरी वॉश (खाचांत उतरणारा अगदी पातळ रंग) आणि शेवटी मॅट वार्निश, असा क्रम ठेवला होता. छतांवर काजळी विशेष जाड दिली होती, कारण नव्वदहून अधिक बोगदे असलेल्या मार्गावर वर्षानुवर्षे डिझेलखाली धावलेल्या डब्याचे छत राखाडी राहत नाही. पुण्याच्या कोरड्या हवेत दोन हातांमध्ये अर्धा तास पुरत असे. डिसेंबरात तक्ते आणि डबे दापोलीच्या आमच्या घरी आणून ठेवले, तेव्हाही काही बिघडले नाही, आणि त्यामुळेच मी गाफील राहिलो.

प्रदर्शन रत्नागिरीतल्या एका सभागृहात तीन दिवसांचे होते. संयोजकांपैकी एकांनी फोनवर सांगितले, की महामार्गाने येऊ नका, कामे चालू आहेत, खड्डे आहेत; त्यापेक्षा दाभोळला टेंपो जंगलजेट्टीत, म्हणजे गाड्या खाडीपार नेणाऱ्या बोटीत, घाला, गुहागरवरून तवसाळ, तिथून पुन्हा जंगलजेट्टीने जयगड, की गणपतीपुळ्यावरून दुपारच्या जेवणाला रत्नागिरीत. नकाशावर हे खरेच जवळचे दिसते. स्वतःची चारचाकी असेल आणि मागे दोन पिशव्या असतील, तर ते बरोबरही आहे. माझ्याकडे मात्र चार तक्ते, सुटे केलेले खांब आणि रंगवलेल्या गाड्यांच्या तीन पेट्या होत्या.

दाभोळची खाडी भरतीला ओलांडली. त्याबद्दल तक्रार नाही. सगळे बिघडले ते तवसाळला. आम्ही पोहोचलो तेव्हा पूर्ण ओहोटी होती. ओहोटीला धक्क्याचा उतार शेवटपर्यंत उघडा पडतो, खालचा भाग शेवाळाने निसरडा असतो आणि बोटीची फळी त्याला टेकते तिथे मोठा खळगा तयार होतो. मोटारीला तो जाणवत नाही. मागे लांब हौदा असलेल्या टेंपोचे मागचे चाक मात्र त्यात दाणकन आपटते. आमच्या टेंपोचे दोनदा आपटले, एकदा चढताना आणि एकदा जयगडला उतरताना. बोटवाल्यांची वागणूक चोख होती आणि भाडे पाटीवर लिहिल्याप्रमाणेच होते, त्यांचा यात काहीही दोष नाही. पण पहिल्या दणक्याला तिसरा तक्ता दोरीतून सुटला, दुसऱ्या दणक्याला तो डब्यांच्या पेटीवर आला, आणि पेटीच्या आतला फोम, जो मी एक इंच पुरेल असे धरून कापला होता, पुरला नाही. जयगडचा चढ संपल्यावर मी टेंपो थांबवून पेटी उघडली, तेव्हा सात डब्यांच्या कोपऱ्यांचे टवके उडालेले होते आणि दोन डब्यांच्या पायऱ्या तुटल्या होत्या.

त्या दिवसाचा दुसरा चटका टेंपोवाल्याने दिला. दापोलीत साडेसहा हजार रुपये ठरले होते, दोन्ही बोटींचे भाडे धरून. रत्नागिरीत सामान अर्धे उतरवल्यावर त्याने बोटींचे पैसे वेगळे मागितले आणि वर जेट्टीवर थांबल्याचे म्हणून अठराशे रुपये मागितले. उरलेले दोन तक्ते हौद्यात असताना माणूस वाद घालू शकत नाही, हे त्यालाही कळत होते. मी पैसे दिले. तुम्ही असा टेंपो ठरवाल तेव्हा थांबण्याचा दर, बोटीचे भाडे आणि हमाली हे तीनही आकडे कागदावर लिहून त्याची सही घ्या, अर्धे पैसे निघताना द्या आणि उरलेले शेवटचा तक्ता सभागृहात उभा राहिल्यावरच द्या. तोंडी ठरवण्यातला चांगुलपणा मला एका दुपारीत महाग पडला.

या गडबडीत संध्याकाळचे साडेपाच वाजले आणि सकाळी दहाला प्रदर्शन उघडणार होते. टवके भरले, पायऱ्या चिकटवल्या, निळा रंग लावला. इथपर्यंत ठीक होते. मग रात्री नऊच्या सुमारास सभागृहाच्या मागच्या पडवीत मी मॅट वार्निशचा फवारा मारला, आणि दहा मिनिटांत सातही डबे पिठात लोळवल्यासारखे दिसू लागले.

याचे कारण मला तेव्हाही माहीत होते, फक्त फेब्रुवारीत ते लागू होईल असे वाटले नव्हते. फवाऱ्यातले द्रावक झपाट्याने उडते, उडताना पृष्ठभाग थंड करते, आणि हवा दमट असली की त्या थंड पृष्ठभागावर दव धरते. ते पाणी न वाळलेल्या थरात अडकून पांढरा धूसरपणा येतो. कोकणात थंडीच्या दिवसांतही सूर्यास्तानंतर दमटपणा भराभर वाढतो आणि पहाटे पत्र्यावरून दव टपकते. दुपारी कोरडी वाटणारी हवा रात्री नऊला वेगळीच असते. एअरब्रश वापरणाऱ्यांनाही हाच त्रास आहे, शिवाय कॉम्प्रेसरच्या नळीत पाणी साठून रंगातून थेंब थुंकले जातात. ओलावा धरणारी बाटली नळीला लावल्याशिवाय इथे काम करूच नये.

दुरुस्ती पुढच्या दिवशी अकरा वाजता गच्चीवर उन्हात केली. डबे आधी अर्धा तास उन्हात तापू दिले, मग त्याच वार्निशचा अगदी हलका फवारा दूरून मारला. नवे द्रावक जुना थर किंचित मऊ करते आणि अडकलेला ओलावा निघून जातो. सातांपैकी पाच डबे सुधारले. उरलेल्या दोघांवर मी घाईने जाड हात मारला आणि खालचा रंग सुरकुतला. पहिला दिवस नऊ डब्यांच्या गाडीवर काढला, आणि सकाळचे पहिले दोन तास तर चारच डबे धावत होते.

पण ज्या गोष्टीसाठी हा सगळा खटाटोप सार्थ वाटला, ती पहिल्याच दुपारी घडली. रेल्वेत रुळांवर आयुष्य काढलेले एक निवृत्त गृहस्थ लेआउटपाशी बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "पूल चांगला उतरलाय हो, पण तुमचा डोंगर जुलैचा आहे आणि गाडी मार्चची." मी पाहिले तर ते अक्षरशः खरे होते. डोंगर मी पावसाळ्यातला हिरवागार केला होता आणि डब्यांच्या तळाला जांभ्याची कोरडी लाल धूळ दिली होती. कोकणातला धो धो पाऊस ती धूळ राहूच देत नाही. पावसाळ्यात डब्याच्या बाजू धुतलेल्या, खाली चिखलाचे शिंतोडे, आणि कटिंगच्या, म्हणजे रुळांसाठी कापलेल्या डोंगराच्या, जांभ्याच्या भिंती शेवाळाने काळ्याहिरव्या असतात. धूळ हवी असेल तर गवत पिवळे, वाळलेले हवे. रुळांमधले अंतर अरुंद आहे, हेही त्यांच्या नजरेतून सुटले नाही: आपल्या ब्रॉडगेजचे १६७६ मिलिमीटर या प्रमाणात १९.३ व्हायला हवेत, आणि एचओचा तयार रूळ १६.५ चा मिळतो. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. बाहेरच्या शहरांत प्रेक्षक गाडी धावते का ते पाहतात. रत्नागिरीत ते रोज खरी गाडी पाहणारे असतात आणि मातीचा रंग चुकला तर तो त्यांना आधी दिसतो. विजेच्या तारा कुठे आहेत, हेही पन्नासएक जणांनी विचारले. मार्गाचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले, आणि माझा काळ त्याआधीचा आहे हे सांगणारी पाटी मी दुसऱ्या दिवशी लावली. तुम्ही ती पहिल्याच दिवशी लावा.

धुळीसाठी खरी जांभ्याची माती वापरायला हरकत नाही, पांढऱ्या खडूच्या भुकटीत रंग मिसळण्यापेक्षा ती निश्चितच चांगली दिसते. ती उन्हात पूर्ण वाळवा, मलमलच्या कापडातून दोनदा गाळा आणि गाळल्यावर कागदात गुंडाळलेले चुंबक त्यातून फिरवा. चुंबकाला कण चिकटले तर ते काढून टाका, नाहीतर ते इंजिनाच्या मोटरीत जाऊन बसतात. किनाऱ्याची वाळू मात्र अजिबात वापरू नका: तिच्यात मीठ असते, आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइटसारखी जड खनिजे असतात. भुकटी मॅट वार्निशखाली निम्मी नाहीशी होते, म्हणून ती डोळ्यांना जास्त वाटेल इतकी लावा, किंवा वार्निश आधी मारून भुकटी तशीच ठेवा आणि डब्याला फक्त टोकांना धरा.

खाऱ्या हवेने रुळांवर एका रात्रीत थर येतो आणि इंजीन सकाळी अडखळते. रोज उघडण्यापूर्वी सगळे रूळ आणि इंजिनाची चाके आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी लागली. ते घरून एक लिटर घेऊन जा. औषधाच्या दुकानातून आयत्या वेळी आणलेल्या स्पिरिटने रुळांवर तेलकट पापुद्रा राहिला आणि तो काढण्यात माझा तास गेला. तक्ते जोडण्याच्या खुंट्या लाकडी असतील तर त्या दापोलीतच फुगतील. माझ्या फुगल्या, आणि दुसरा तक्ता हातोडीने बसवताना पुलाच्या एका खांबाला तडा गेला. पितळी खुंट्या लावा.

दुसरा आणि तिसरा दिवस सुरळीत गेला. परतताना दुसरा टेंपो ठरवून हातखंबा, संगमेश्वर, चिपळूण, खेड असा महामार्गाने आलो. कामे होती, खड्डेही होते, परशुराम घाटात अर्धा तास खोळंबा झाला; पण खड्डा समोर दिसतो आणि चालक वेग कमी करतो. तक्ते उभे न ठेवता आडवे ठेवले होते, मध्ये जुन्या गाद्या होत्या, आणि गाड्यांच्या पेट्या मी पुढे मांडीवर घेतल्या. एकही टवका उडाला नाही. ठरलेल्या सात हजारांवर एक रुपयाही जास्त द्यावा लागला नाही.

सुरकुतलेले दोन डबे काचा आणि चाके काढून अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवले आहेत. रंग सुटला की ते पुण्याला नेऊन पुन्हा प्रायमरपासून सुरुवात करीन, आणि या वेळी डोंगराचे गवत पिवळे करणार आहे.