पाटवडीचा फोन

दुपारी गॅलरीत मिरच्यांचे देठ खुडत बसले होते आणि आतून लेक ओरडला, "आई, पाटवडीचा फोन आलाय!" माझ्या फोनमधे त्यांचं नाव खरंच तसं सेव्ह आहे, पाटवडी वर्धा. आडनाव सहा वर्षांत विचारलेलं नाही आणि आता विचारायची लाज वाटते.

ओळख झाली महाराष्ट्र एक्सप्रेसमधे, कोल्हापूरहून गोंदियाला जाते ती. मी भाचीच्या लग्नाला नागपूरला निघालेले, त्या अंबाबाईचं दर्शन करून वर्ध्याला परत. सातारा जायच्या आत मी म्हटलं, "डबा उघडतो, तुम्ही पण घ्या," तर बाई मागं वळून बघायला लागल्या, पुरुष कोण बोलला म्हणून. आम्हा कोल्हापूरच्या बायकांचं 'मी आलो, मी गेलो' त्यांना अजून झेपत नाही. (लिहिताना शहाण्यासारखं 'बसले होते' लिहितेय, बोलताना 'बसलोय'च.) वर्धा येईपर्यंत दुसरा दिवस उजाडून कलला, आणि एवढ्या वेळात एकमेकींची नावं न विचारता आम्ही पाटवडीपासून अख्ख्या मसूरपर्यंत सगळं करून झालो.

घरी आल्यावर मी पाटवडी केली. बेसन हाटून घट्ट शिजवलं, ताटात थापलं, खोबरं-खसखस पेरली, आणि त्यांनी बजावून सांगितलेलं, "वरून सांबार टाकजा भरपूर," म्हणून वाण्याकडून सांबार मसाल्याचं पाकीट आणून अर्धं रिकामं केलं. घरात कुणी काही बोललं नाही, पण दुसरी वडीही कुणी घेतली नाही. फोन केला तेव्हा कळलं की तिकडं सांबार म्हणजे कोथिंबीर! मला हसू आवरेना, आणि त्या मात्र गंभीरपणे म्हणाल्या, तुमचा मसूरही काही जमला नाही जी, लालच नाही झाला. मी सांगितलेलं चार चमचे चटणी घाला. त्यांनी घातलेली, जवसाची.

आता चटणी म्हणजे चटणी, हे आपल्याला काय सांगावं लागतं? आमटीत, भाजीत, रश्श्यात पडते ती, लाल तिखट मसाल्याची. पहिल्यांदाच मला ती कुणाला तरी समजावून सांगायला लागली आणि सांगताना जाणवलं की रंगाला ब्याडगी मिरची, चवीला संकेश्वरी, दोन्ही गावं कर्नाटकातली आणि चटणी मात्र कोल्हापुरी. सांगून त्यांना पटेना, म्हणून अर्धा किलो कुरिअर केली, त्यांच्या मुलाच्या दुकानाच्या पत्त्यावर. मग दरवर्षीच.

लहानपणी आईबरोबर डंकावर, म्हणजे चटणी कांडायच्या गिरणीत, जायचं माझ्याकडं असायचं. मंगळवार पेठेतली ती खोली, आत धाड धाड धाड, बाहेर ओळीनं डबे, प्रत्येक बाईच्या नाकाला पदर आणि तरी सगळ्या शिंकतायत. आपली मिरची कांडून होईस्तोवर तिथनं हलायचं नाही, दुसरीची आपल्यात मिसळली तर काय घ्या! मग दोन-दोन तास उभं राहून बायका बोलणार काय? तुमच्यात खोबरं किती, लसूण सोलून घालता का तसाच, कांदा तळून का वाळवून. एकदा माझे डोळे चुरचुरायला लागले, मिरचीचाच हात लावलेला, मी भोकाड पसरलं. पुढच्या नंबरच्या बाई आईला म्हणाल्या, "पोरीला घेऊन जावा तुम्ही, मी बघतो तुमच्या चटणीकडं." अनोळखी बाईच्या भरवशावर चटणी सोडून आई आयुष्यात तेवढी एकदाच घरी आली असेल. पुढं त्या आमच्या डंकावरच्या मावशी झाल्या, आमच्या पांढऱ्या रश्श्यात खसखशीबरोबर तीळ पडतात ते त्यांचे. आईच्या वहीत ते पान आहे, वर 'डंकावरच्या' एवढंच लिहिलंय, खाली माप म्हणून सगळीकडं 'अंदाजे'. या 'अंदाजे'चा मला भयंकर राग येतो. कुणाच्या अंदाजे? पण मलाही वर्ध्याच्या ताईंना ग्रॅममधे काही सांगता आलेलं नाही, ते सोडा.

तर आजचा फोन. लेकानं स्पीकरवर टाकला. इकडचं तिकडचं झालं, ऊन किती, आंबे आले का. मग म्हणाल्या, "ताई, यंदा चटणी नका पाठवू जी. डॉक्टरांनी तिखट पूर्ण बंद केलं माझं." मी विचारलं काय झालंय. म्हणाल्या, काही नाही, पोटाचं चालू आहे, तपासण्या करून राहिली. इतकंच. आणि मग एकदम, "बिनतिखटाचं काही असेल तर सांगा ना."

मला एकही सुचेना. कोल्हापूरची बाई मी, शेवटी मुगाची खिचडी सांगितली, जी त्यांना माझ्याहून चांगली येत असणार. त्यांनी "थांबा, लिहून घेते" म्हटलं आणि खरंच लिहून घेतली, हिंग किती तेसुद्धा विचारलं.

मी सांगितलं, अंदाजे.

मिरच्या त्यांच्या धरूनच आणल्या होत्या. वेगळ्या काढाव्यात का म्हणून क्षणभर थांबले, आणि मग सगळ्यांचेच देठ खुडले.