पन्नी सोडा म्हटलं की लोक ऐकतात का?

तालुक्याला बैठकीत भेटा की कुणाच्या लग्नात, हा प्रश्न ठरलेला: "तुम्ही बचत गटाच्या बायांसोबत प्लास्टिकचं काम करता, पण गावात कोणी ऐकतं का?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाही ऐकत. घरातली प्रत्येक पन्नी, म्हणजे प्लास्टिकची पिशवी, कुठलं तरी काम करत असते, आणि ते काम दुसऱ्या कशानं होतं हे दिसल्याशिवाय ती सुटत नाही.

चुलीचंच घ्या. घरात उज्ज्वला योजनेची गॅसची टाकी असते, पण भरून आणायला पैसे लागतात, म्हणून आंघोळीचं पाणी अजून चुलीवरच तापतं. श्रावणात सरपण, म्हणजे कापसाच्या पऱ्हाट्या, ओलं. मग पन्नीचा बोळा करून खाली सारायचा, काडी लावायची, की भडका. मी नको म्हटलं तेव्हा एक काकू म्हणाल्या, "बाई, पऱ्हाट्या वल्ल्या हायेत. पन्नी नाई लावली तर पोरगं बिनाआंघोळीचं शाळेत जाईन. मंग का करू?" काय उत्तर देणार? पन्नीसोबत तुटकी चप्पल, पाइपाचा तुकडा असं काहीही चुलीत जातं. पीव्हीसी, म्हणजे पाइपाचं प्लास्टिक, जळलं की डायॉक्सिनसारखी विषं निघतात, ती फुंकणारीच्या छातीत जातात, आणि उरलेल्या राखेनं सकाळी ताटं घासली जातात. हे कळूनही ओली पऱ्हाटी पेटत नाही. म्हणून आता आम्ही विषाचं आधी बोलतच नाही. मृगाआधी तुराट्यांची, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांची, एक मोळी आणि थोड्या गोवऱ्या माळ्यावर चढवून ठेवायच्या, त्या फक्त पेटवणासाठी. ज्या घरात माळा आहे तिथं हे जमलं. ज्या घराचं छप्परच गळतं तिथं नाही जमलं.

खर्ऱ्याची पन्नी सगळ्यात अवघड. विदर्भाबाहेरच्यांना सांगावं लागेल: सुपारी, तंबाखू, चुना घोटून पानठेल्यावर जो पुडा मिळतो, तो पन्नीत. कागदात बांधला तर चुन्याचा ओलावा उडतो आणि खर्रा कोरडा पडतो. त्यामुळे पार, बसथांबा, शाळेची भिंत, सगळीकडे त्या चिमुकल्या पन्न्या. खर्राच सोडा म्हणायला गेले असते तर ठेल्यासमोर उभंही केलं नसतं. (सोडायलाच पाहिजे, तोंडाचा कॅन्सर काय असतो ते या भागात सांगावं लागत नाही.) आम्ही एवढंच म्हटलं की घरून डबी आणा, ठेलेवाला त्यात भरून देईल. म्हाताऱ्यांना चुन्याच्या डबीची सवय, त्यांनी आणली. तरण्या पोरांना खिशात डबी खुळखुळलेली लाजिरवाणी वाटते.

तेरवी आणि महाप्रसादाचं मात्र बरं झालं. पूर्वी पळसाच्या पानांच्या पत्रावळी असायच्या, मग थर्माकोल आलं. 2018 मध्ये राज्यानं ते बंद केलं, तर चंदेरी द्रोण आले, त्यालाही आतून प्लास्टिकचा थर असतोच. गाय उरलेल्या भातासकट तो गिळते. गटानं स्टीलची ताटं-वाट्या घेतल्या आणि भाड्यानं द्यायला लागलो. तरी कोणी नेईनात, कारण मयताच्या घरी एवढी ताटं घासणार कोण? घासणाऱ्या दोघीतिघींची मजुरी भाड्यातच धरली, तेव्हा ताटं हलायला लागली. ताटांपेक्षा घासण्याचा हिशोब मोठा होता, हे पुरुषांच्या बैठकीत कधीच निघालं नसतं.

पण सगळं घरातल्या बाईवर ढकलू नका. ज्याची मजुरी संध्याकाळी हातात पडते तो शाम्पूची बाटली नाही, पुडीच घेणार, तेलही पावशेरच. दुधाची, तेलाची पन्नी धुऊन वाळवली तर कबाडी घेतो. कुरकुऱ्याचं, शाम्पूचं पाकीट घेत नाही, कारण त्यात प्लास्टिकचे थर एकमेकांना चिकटवलेले, काहींत ॲल्युमिनियमही, ते सुटे होत नाहीत. असला माल सिमेंटच्या भट्टीत जाळता येतो, तिथं चौदाशे अंशांच्या वर तापमान असतं, आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिमेंटचे कारखाने आहेतही. पण गावातून तिथवर पोचवायचं कोणी? 2016 च्या नियमांनी प्लास्टिक कचऱ्याची जबाबदारी ग्रामपंचायतीवरही टाकली. स्वच्छ भारतच्या दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक तालुक्याला प्लास्टिक प्रक्रिया केंद्रासाठी 16 लाखांपर्यंत तरतूद केली गेली. ग्रामसभेत आधी हेच विचारा, आपल्या तालुक्याचं केंद्र कुठं आहे आणि गाडी कोणत्या वारी येते. गाडीचा वार ठरलेला नसेल तर बायांना पाकिटं साठवायला सांगू नका. पोतं भरून घरामागच्या सांदवाडीत पडतं, उंदीर होतात, आणि शेवटी तेही चुलीत जातं.

आणि तुमच्या गावात सुरू करायचंच असेल तर मे महिन्यात करा. तुराट्या तेव्हा कडक वाळलेल्या असतात, आणि बायांना बसून बोलायला थोडा वेळही असतो.