पार्क स्ट्रीटचं कबरस्तान आणि बावीस वर्षांचे मास्तर

कलकत्त्याहून आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, व्हिक्टोरिया मेमोरियल बघितलं का, हावडा ब्रिज बघितला का, मिष्टी दोई खाल्लं का. हो, सगळं झालं, दक्षिणेश्वर झालं, बेलूर मठ झाला, ट्राममध्येही बसलो. आझाद हिंद एक्सप्रेसचा लांबलचक प्रवास, हॉटेलची कोंदट रूम आणि घामाने अंगाला चिकटणारे कपडे याबद्दल तक्रार करण्यासारखं बरंच आहे पण ते राहू दे. मला लिहायचंय ते साऊथ पार्क स्ट्रीट सिमेट्रीबद्दल, खरं तर तिथल्या एकाच माणसाबद्दल, डिरोझिओ नावाच्या एका तरुण मास्तरांबद्दल.

सोबत आत्या होती. आत्या म्हणजे रिटायर्ड शिक्षिका, इतिहास आणि मराठी शिकवायची, तिचे विद्यार्थी अजूनही रस्त्यात वाकून नमस्कार करतात. तिनेच घरून ठरवून आणलं होतं की पार्क स्ट्रीटला फक्त केक खायला जायचं नाही, कबरस्तान बघायचंच.

हे कबरस्तान १७६७ साली सुरू झालं. तेव्हा इथे वस्ती नव्हती, आता चारी बाजूंनी शहर आहे. पण गेटातून आत शिरलात की हॉर्नचा आवाज एकदम मागे पडतो आणि समोर येतात त्या कबरी नाहीतच, मोठमोठे मनोरे, घुमट, पिरॅमिड, खांबांचे मंडप, सगळ्यांवर शेवाळ आणि वर झाडांची दाट सावली. आपल्या डोक्यात कबर म्हणजे जमिनीलगतचा चौथरा असतो, इथे दुमजली घराएवढी कबर बघून माणूस दबतो. आणि मग जवळ जाऊन पाट्या वाचायला लागलं की कळतं, वय २०, वय २६, वय १९, बाळंतपणात गेलेली, बोटीतून उतरून वर्षभरात गेलेला. कॉलरा, मलेरिया, हगवण. कंपनी सरकारच्या राज्यात श्रीमंत व्हायला आलेली ही माणसं इतकी पटापट मरत होती हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि एकामागून एक कोवळी वयं वाचत जाणं वेगळं. आत्या प्रत्येक पाटीपाशी थांबत होती, वय वाचत होती आणि च्च च्च करत पुढे जात होती.

सर विल्यम जोन्सचा उंच सुळका सगळ्यांनाच दिसतो. हा माणूस १७८३ ला कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाचा जज म्हणून आला, पुढच्याच वर्षी एशियाटिक सोसायटी काढली, संस्कृत शिकला आणि ४७ व्या वर्षी इथेच गेला. रोज एलमर नावाच्या मुलीची कबर वर पीळ घातलेल्या शंकूसारखी आहे, ती १८०० साली विशीत गेली, अननस खूप खाल्ल्याने आजारी पडली असं सांगतात.

मला सगळ्यात जास्त खिळवून ठेवलं ते 'हिंदू स्टुअर्ट'च्या कबरीने. मेजर जनरल चार्ल्स स्टुअर्ट, मूळचा आयरिश, कंपनीच्या फौजेत आला आणि इथलाच होऊन गेला. रोज सकाळी गंगास्नान, घरात देवांच्या मूर्ती, १८०८ मध्ये त्याने मिशनऱ्यांच्या विरोधात हिंदूंची बाजू मांडणारं पुस्तक लिहिलं, आणि गोऱ्या मडमांनी साडी नेसावी असा प्रचारसुद्धा केला. १८२८ ला गेला तेव्हा त्याच्या मूर्तींसकट त्याला पुरलं. कबर ख्रिश्चन कबरस्तानात पण आकार देवळाचा, दगडी दार, दारावर कोरीवकाम. अर्थात त्याने गोळा केलेली बरीच शिल्पं आज लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत हेही विसरता येत नाही. माणूस प्रेमाने गोळा करतो आणि वस्तू शेवटी कुठे जाऊन पडतात बघा.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहितोय त्याच्याकडे येतो.

आम्ही डिरोझिओची कबर शोधत होतो. तेवढ्यात पंधरा-वीस जणांचा एक ग्रुप आला, पुढे एक गाइड, आणि तो मोठ्या आवाजात सांगत होता की इथे फोटो काढला की माणूस आजारी पडतो, तिकडे एका कबरीतून रक्त गळतं, रात्री पांढऱ्या कपड्यातली बाई फिरते. सगळे मोबाईल वर करून शूटिंग करतायत, कुणी कबरीच्या चौथऱ्यावर चढून रील बनवतंय. मला प्रचंड राग आला. भुतांच्या गोष्टींचा नाही, लहानपणी आपणही ऐकल्यात. राग याचा आला की तो घोळका आमच्या डोळ्यांदेखत डिरोझिओच्या कबरीवरून पुढे निघून गेला, गाइडने नावसुद्धा घेतलं नाही, कारण त्या कबरीत भूत नाही. त्या मनोऱ्यांच्या गर्दीत ती साधीच आहे, लक्ष जाणार नाही अशी.

हेन्री लुई व्हिव्हियन डिरोझिओ. जन्म १८ एप्रिल १८०९, कलकत्त्यातच, वडिलांकडून पोर्तुगीज रक्त, म्हणजे ना धड साहेबांमध्ये ना धड नेटिव्हांमध्ये. चौदाव्या वर्षी शाळा संपली, मग वडिलांच्या ऑफिसात कारकुनी, मग भागलपूरला नातेवाइकांच्या निळीच्या कारखान्यावर. तिथे गंगेकाठी कविता लिहायला लागला आणि भारताला 'माझी मायभूमी' म्हणणारी कविता इंग्रजीत लिहिली, तेव्हा देश ही कल्पना आपल्याकडे फारशी कुणाच्या तोंडी नव्हती. १८२६ ला कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजात शिक्षक झाला. वय १७! समोर बसलेली पोरं मास्तरांपेक्षा चार-पाच वर्षांनीच लहान.

आणि शिकवायचा कसा? प्रश्न विचारा, वाद घाला, कुणी सांगितलं म्हणून मानू नका. कॉलेज सुटल्यावर १८२८ पासून वादसभा भरायच्या, त्यात मूर्तिपूजा, जातपात, बायकांचं शिक्षण, देव आहे की नाही, सगळ्यावर पोरं बोलायची. त्यातली नावं बघा. कृष्णमोहन बॅनर्जी, रामगोपाल घोष, प्यारीचंद मित्र, रामतनू लाहिरी, आणि राधानाथ सिकदर, ज्यांनी पुढे सर्व्हे ऑफ इंडियात गणित करून जगातलं सगळ्यात उंच शिखर शोधून काढलं, ज्याला आपण एव्हरेस्ट म्हणतो. रसिककृष्ण मल्लिकने कोर्टात गंगाजलाची शपथ घ्यायला नकार दिला. शहर हादरलं. पालक पोरांना कॉलेजातून काढायला लागले.

मग एप्रिल १८३१ मध्ये मॅनेजिंग कमिटीची मीटिंग झाली. आरोप काय, तर मास्तर पोरांना बिघडवतात. मजा म्हणजे तो शिकवायला नालायक आहे असं कमिटीतल्या बहुतेकांना वाटत नव्हतं, पण लोकांच्या भावना पेटल्यात म्हणून त्याला काढणं भाग आहे असं ठरलं. कमिटीतल्या डेव्हिड हेअर आणि विल्सन या दोन साहेबांनी, हा हिंदू समाजाच्या भावनांचा प्रश्न आहे म्हणत, त्यावर मतच दिलं नाही. नंतर विल्सनने पत्र पाठवून तीन प्रश्न विचारले: देव मानतोस का, आईवडिलांचं ऐकणं हे कर्तव्य नाही असं शिकवतोस का, आणि बहीणभावाचं लग्न चालतं असं म्हणतोस का. त्या पोराने उत्तर लिहिलं ते अजून वाचायला मिळतं. त्यात तो म्हणतो की मी देवाबद्दलच्या शंका मुलांना सांगितल्या आणि त्या शंकांना मोठ्या विचारवंतांनी दिलेली उत्तरंही सांगितली, एकच बाजू शिकवली असती तर ते शिकवणं कसलं. आणि राहिलेले दोन आरोप साफ खोटे. आणि हेही सुनावलं की मला एक शब्द न विचारता, एकही साक्षीदार न तपासता तुम्ही निकाल लावलात.

हे मी आत्याला मोबाईलवर वाचून दाखवत होतो. ती चौथऱ्याच्या कडेला टेकली होती. "न विचारता काढलं?" तिने दोनदा विचारलं. तिच्या शाळेत एकदा तिलाही असंच ऑफिसात बोलावलं होतं, महात्मा फुल्यांवर जरा जास्त वेळ शिकवलं म्हणून कुणा पालकाची तक्रार होती. तेव्हा हेडसर तिच्या बाजूने उभे राहिले आणि प्रकरण मिटलं. घरी हा किस्सा आम्ही हसून ऐकायचो. त्या दिवशी ती हसली नाही. "माझ्या मागे हेडसर होते रे, ह्या पोराच्या मागे कोण होतं?"

नोकरी गेल्यावर डिरोझिओने स्वतःचं वर्तमानपत्र काढलं, 'द ईस्ट इंडियन'. ऑगस्टमध्ये कृष्णमोहनच्या मित्रांनी शेजारच्या भटजींच्या घरात गोमांस फेकलं, कृष्णमोहन तेव्हा घरात नव्हता तरी त्याला घराबाहेर काढण्यात आलं. मला हे फेकणं अजिबात पटत नाही, शेजाऱ्याचा काय दोष, पण एक बाजू इतकी ताणली की दुसरी कशी ताणली जाते ते दिसतं. आणि डिसेंबरात कॉलरा. २६ डिसेंबर १८३१ ला डिरोझिओ गेला. वय २२.

तारीख ऐकल्यावर आत्या एकदम म्हणाली, "अरे थांब, पत्रकार दिन!"

आपल्याकडे ६ जानेवारी पत्रकार दिन, कारण १८३२ सालच्या त्याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' सुरू केलं. म्हणजे कलकत्त्यात हा गेला आणि अकराव्या दिवशी मुंबईत दर्पणचा पहिला अंक निघाला. बाळशास्त्रीही विशीतलेच, डिरोझिओपेक्षा तीनेक वर्षांनी लहान, पुढे तेही मास्तरच झाले, एल्फिन्स्टनमध्ये. एका पानावर मराठी-इंग्रजी शेजारी शेजारी छापणारा माणूस. १८४३ मध्ये श्रीपत शेषाद्री नावाच्या, मिशनऱ्यांकडे राहून आलेल्या ब्राह्मण मुलाला परत धर्मात घ्यावं म्हणून ते भांडले तर त्यांच्यावरच सनातनी तुटून पडले. आणि १८४६ मध्ये तेही गेले, चौतिशीत. दोघांची कधी भेट नाही, एकाला दुसऱ्याचं नाव माहीत होतं की नाही कुणास ठाऊक. पण त्याच वीसेक वर्षांत या देशाच्या दोन टोकांना दोन कोवळे मास्तर आपापल्या लोकांना 'विचार करा' म्हणून सांगत होते आणि दोघांनाही त्याची किंमत मोजावी लागली, हे मला त्या दमट दुपारी, डास चावत असताना पहिल्यांदा जाणवलं. आत्या मग बराच वेळ बाळशास्त्रींबद्दलच बोलत राहिली, तो भुतांचा ग्रुप परत आमच्या शेजारून गेला तरी तिला कळलं नाही. त्यातली एक कॉलेजची मुलगी मात्र मागे रेंगाळली, हिंदीत विचारलं की ये किसकी है, आणि आत्याने तिच्या मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं सांगितलं, १७ व्या वर्षी मास्तर झाला इथपासून. मुलीचा ग्रुप गेटापर्यंत पोचला तरी ती ऐकत उभी.

दुसऱ्या दिवशी आत्याच्या हट्टाने कॉलेज स्क्वेअरला गेलो. डेव्हिड हेअरची कबर तिथे आहे, ख्रिश्चन कबरस्तानात नाही. हा स्कॉटिश घड्याळजी १८०० साली आला, धंद्यातला पैसा शाळांमध्ये घातला, १८४२ ला कॉलऱ्याने गेला. चांगला माणूस होता, सगळे कबूल करतात, पण आत्या त्याच्यासमोर हात न जोडता उभी राहिली. "मीटिंगमध्ये गप्प बसला ना हा," एवढंच म्हणाली आणि पुस्तकांच्या स्टॉल्सकडे वळली.

आता तिने पोंभुर्ल्याचं ठरवलंय, देवगड तालुक्यातलं, बाळशास्त्रींचं गाव. मे महिन्यात नको, उकाडा फार, पावसानंतर जाऊ म्हणते. तुम्ही कलकत्त्याला गेलात तर पार्क स्ट्रीटच्या गेटवर भुताची कबर विचारू नका, डिरोझिओ विचारा, वॉचमन बरोबर दाखवतो. पाणी आणि ओडोमॉस न्या, संध्याकाळच्या आत जा.