मुरमान्स्कच्या वाटेवर, हातात मोगरी

२०११ चा जानेवारी संपत आला होता. रॉटरडॅमहून रिकामं बल्क कॅरिअर घेऊन आम्ही रशियाच्या उत्तरेतल्या मुरमान्स्क बंदरात कोळसा भरायला चाललो होतो. मी तेव्हा सेकंड मेट, बारा ते चारच्या वॉचवर. नॉर्वेच्या उत्तरेकडचं नॉर्थ केप मागे पडलं, वारा ईशान्येला फिरला आणि रात्रीत पारा उणे चौदावर गेला. पुढून उडणारं पाणी लोखंडाला लागलं की तिथंच धरायचं. सकाळी सर्चलाइट मारून बघतो तर नांगर ओढायचं यंत्र, विंडलास, गायब! त्याच्या जागी पांढरा ढिगारा. रेलिंगचे गज मांडीएवढे जाड झालेले.

"दुपारी पायलट आहे, आणि नांगर टाकायची सोय नाही," कॅप्टन म्हणाले. "वॉचवर नसतील ते सगळे पुढे. तुम्हीही जा."

पायलट म्हणजे बंदराची वाट दाखवायला जहाजावर चढणारा वाटाड्या. कॅप्टननी जहाज वळवून वारा पाठीवर घेतला, वेग कमी केला. पाणी उडायचं थांबलं आणि आम्ही आठजण कमरेला दोर बांधून, लाकडी मोगऱ्या घेऊन पुढे गेलो. लोखंडी हातोडा चालत नाही, हायड्रॉलिकचे पाइप फुटतात. समुद्राच्या पाण्याचा बर्फ काचेसारखा तडकत नाही. तो चिवट, मळकट पांढरा असतो. मोगरी मारली की आधी नुसता भद्द आवाज येतो, मनगटापासून खांद्यापर्यंत झिणझिण्या जातात, आणि दहाव्या घावाला कुठे हातभर ढलपी सुटते.

"सायब, ह्यो बरफ नाय, शिमीट हाय," आमचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, म्हणाला. हर्णैकडचा, पस्तीस वर्षं समुद्रावर काढलेला. आम्ही त्याला सारंगकाका म्हणायचो.

खरं सांगायचं तर आमचं जहाज मोठं, तेवढ्या बर्फाने काही उलटणार नव्हतं. पण मला दुसऱ्या महायुद्धातल्या आर्क्टिक तांड्यांबद्दल, म्हणजे युद्धनौकांच्या पहाऱ्यात एकत्र जाणाऱ्या मालवाहू जहाजांबद्दल, वाचायचं जुनं वेड, आणि ती जहाजं डोळ्यांपुढून हलेनात. त्यांच्या पोटात दारूगोळा आणि डेकवर रणगाडे, खोक्यांत बांधलेली विमानं. म्हणजे वजन आधीच वर, त्यावर हा बर्फ. अशा वेळी जहाज डोलताना एका बाजूला कललं की परत यायला वेळ लावू लागतं. खलाशाला ते पायातच कळतं. तेव्हा घाव घालत राहायचं, कुऱ्हाडीने, वाफेच्या नळीने, मिळेल त्याने. आम्हाला निदान डेकवर दिवे लावता आले. त्यांना पाणबुड्यांच्या भीतीने सगळा अंधार.

ऑगस्ट १९४१ ते मे १९४५ या काळात सोव्हिएत रशियाला सामान पोचवायला असे ७८ तांडे गेले-आले. सुमारे १४०० व्यापारी जहाजं, त्यांतली ८५ बुडाली. हिवाळ्यात आर्खान्गेल्स्क गोठायचं, मुरमान्स्क उबदार प्रवाहामुळे उघडं राहायचं. पण हिवाळ्यात बर्फाची कड खाली सरकली की वाट नॉर्वेच्या किनाऱ्याजवळून, म्हणजे जर्मन विमानतळांच्या नाकासमोरून. उन्हाळ्यात वर सरकायला जागा, तर चोवीस तास उजेड. कुठला ऋतू बरा, ह्यावर काय वाद घालणार!

अकराच्या सुमारास कॅडेट घसरला. एकवीस वर्षांचं पोर, पालथं पडून सरळ रेलिंगकडे निघालं. दोर ताणला आणि दोन हातांवर थांबलं. सारंगकाकाने त्याला पट्ट्याला धरून उभं केलं, एक सणसणीत शिवी हासडली आणि मोगरी परत त्याच्या हातात दिली. त्या सकाळी मी चार्टवर नॉर्थ केपच्या वरचा समुद्र पाहिला होता. २६ डिसेंबर १९४३ ला 'शार्नहोर्स्ट' तिथे बुडाली. तांड्यावर चालून आलेली जर्मन युद्धनौका, तिच्यावर १९६८ माणसं, जिवंत हाती लागली ३६. हा आकडा मी कितीदा वाचला असेन. त्या दिवशी पहिल्यांदा रेलिंगपलीकडच्या पाण्याकडे बघून वाचला.

चहाला आम्ही पुढच्या स्टोअरमध्ये शिरलो. रंगाच्या डब्यांवर बसून थर्मास फिरवताना मी काकांना पीक्यू-१७ नावाच्या तांड्याची गोष्ट सांगितली. जून १९४२ च्या अखेरीस आइसलँडहून निघालेली ३५ जहाजं. जर्मन युद्धनौका 'टिर्पिट्झ' चालून येतेय या धास्तीने ४ जुलैला लंडनहून हुकूम सुटला: पांगा. 'टिर्पिट्झ' तेव्हा बंदरातच होती. एकेकटी पडलेली जहाजं विमानांनी आणि पाणबुड्यांनी टिपली, २४ गेली. पण 'एअरशायर' नावाच्या एका सशस्त्र ट्रॉलरने, म्हणजे मासेमारीच्या धर्तीच्या बोटीने, तीन जहाजं बरोबर घेतली आणि सरळ बर्फात घुसवली. एकावर पांढरा रंग सापडला, तो सगळ्यांनी फासला. डेकवर चादरी, टेबलक्लॉथ अंथरले, रणगाड्यांच्या तोफा भरून ठेवल्या. विमानांना ती दिसली नाहीत. तिन्ही पोचली.

काका ऐकत होते. काही बोलले नाहीत.

दीड वाजता विंडलास फिरला. पहिल्यांदा नुसता कण्हला, मग साखळीने बर्फ झटकला. मुरमान्स्कला नेणाऱ्या कोला खाडीच्या तोंडाशी पायलट आला तर शिडी वेतासारखी ताठ, उलगडेचना. गरम पाण्याच्या बादल्या ओतून ती सोडवली. पायलट वर आला, पुढच्या ढिगाऱ्यांकडे बघून त्याने फक्त मान डोलावली आणि कॉफी मागितली. त्याच्या दृष्टीने तो साधा मंगळवार होता.

रात्री नांगरावर असताना सारंगकाका ब्रिजवर आले. मला वाटलं, बोटांना मलम मागायला आले असतील.

"सायब, तो पांढरा रंग," ते म्हणाले. "थंडीत रंग घट व्हतो, वल्या पत्र्यावर धरत नाय. मी उन्हात लावतो तरी आठ दिसात पापुद्रं निघतात. त्येंनी बर्फात लावला कसा?"

मी म्हटलं, "जुलै होता काका, एवढी थंडी नसेल."

"तरी पन," म्हणाले, आणि खिडकीतून पुढच्या डेकवरच्या दिव्यांकडे बघत उभे राहिले.