हो ना, अप्पा

अप्पा येऊन गेले. निघताना दारात वळून म्हणाले, "जुनं लोखंड म्हणून वाचलास बरं. हल्लीच्या डब्यात असतास तर..." पुढचं हातानेच दाखवलं. मी म्हणालो, "हो ना."

एवढंच. पण तेव्हापासून ते 'हो ना' घशात अडकून बसलंय. आता रात्रीचा दीड वाजलाय. बरगड्यांमुळे आडवं होता येत नाही, पाठीशी तीन उशा घेऊन बसल्या-बसल्याच झोपायचं. उजवं मनगट प्लॅस्टरमध्ये, म्हणून डाव्या अंगठ्याने एकेक अक्षर शोधत हे लिहितोय. चुका राहिल्या तर राहू देत.

अप्पांना दोष नाही. अपघातानंतरच्या तीन आठवड्यांत जो जो भेटायला आला तो हेच म्हणाला. फोटोच तसा आहे. समोरच्या गाडीचं नाक चुरगळून पार काचेपर्यंत आलेलं, आणि शेजारी माझी. बंपर वाकलाय, बॉनेटला एक घडी पडलीय, एक दिवा गेलाय, बाकी क्रोम उन्हात चमकतंय. फोटो बघून कोणीही सांगेल कोण जिंकलं ते.

फोटोत दिसत नाही ते असं, की त्या चुरगळलेल्या गाडीतला मुलगा स्वतःच्या हाताने दार उघडून बाहेर आला. एअरबॅगने गाल खरचटला होता, तेवढंच. अ‍ॅम्ब्युलन्सला फोन त्यानेच केला. मला सीटबेल्टचा पट्टा कापून, पलीकडच्या दाराने ओढून काढावं लागलं. माझ्या बाजूला जागाच उरली नव्हती. स्टिअरिंग चांगलं वीतभर मागे आलं होतं.

आणि हे का झालं ते मला नीट माहीत आहे. तेच तर खुपतंय. मर्सिडीजच्या बेला बारेनी या इंजिनिअरने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं की गाडीचं नाक आणि शेपूट मऊ हवं, माणसं बसतात तो मधला पिंजरा कडक. १९५९ मध्ये तशी गाडी रस्त्यावरही आली. माझी १९६२ ची, पण हे तिच्या कानावर गेलेलं नाही. धडकेचा जोर कुठेतरी जिरायलाच लागतो. त्या मुलाच्या वाटची धडक त्याच्या पत्र्याने खाल्ली. माझ्या वाटची मी खाल्ली. त्यात माझ्या स्टिअरिंगचा दांडा म्हणजे पुढच्या चाकांपासून थेट छातीवर रोखलेली एक अखंड लोखंडी सळई. धडकेत दुमडणारे दांडे सर्रास यायला १९६० चं दशक संपत आलं. डॅशबोर्ड पत्र्याचा. डोक्यामागे टेकू नाही. ब्रेकची नळी एकच. ती एका जागी फुटली तर चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. (ती फुटली नाही. ब्रेक लागले. इतके लागले की चाकं जाम झाली आणि गाडी मला न विचारता सरळ घसरत गेली. चूक कोणाची ते विमावाले ठरवताहेत, त्यावर इथे लिहीत नाही.)

हे सगळं मी लोकांना हौसेने सांगायचो. गाडीभोवती चार माणसं जमली की बॉनेट उघडून, एकेक भागावर बोट ठेवून. म्हणजे अज्ञान हे कारण नाही. तरी 'हो ना'.

बरं, भिडेखातर म्हणालो म्हणावं तर तेही खरं नाही. त्याच अर्ध्या तासात अप्पा दोनदा 'तुझी ती विंटेज गाडी' म्हणाले आणि मी दोनदा अडवलं. काटेकोर बोलायचं तर व्हिंटेज म्हणजे १९३० पर्यंतच्या, माझी क्लासिक. श्वास घेताना कळ येते, तरी हे दोन्ही वेळा पूर्ण वाक्यात सांगितलं. तिथे भीड आडवी आली नाही. लोखंडाच्या बाबतीत मात्र लगेच मान डोलावली.

आणि माझी मुलगी मनू तिथेच बसली होती. गोळ्यांच्या पाकिटावर सकाळ-दुपार-रात्र लिहीत. तिने वर बघितलं नाही. पेन मात्र थांबलं.

पट्टा तिचा होता. म्हणजे तिचा हट्ट. दोन वर्षं वाद चालला होता. तिने मला तो २००९ मधला व्हिडिओ दाखवला, १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची मालिबू, दोघींची ताशी ६४ किलोमीटरने अर्धवट समोरासमोर टक्कर. जुनीचा पिंजराच मोडतो आणि डॅशबोर्ड, स्टिअरिंग सगळं ड्रायव्हरच्या जागी बसवलेल्या पुतळ्यावर येतं. नवीतल्या पुतळ्याच्या पायावर निभावतं. मी काय म्हणालो? "गंजकी गाडी घेतली असणार." शिवाय तिची चासी कशी इंग्रजी एक्सच्या आकाराची आणि म्हणून कशी कमजोर, त्यावर पाच मिनिटं व्याख्यान दिलं. जुन्या गाड्यांचा नाद असलेले सगळे हेच दोन मुद्दे सांगतात. मी फक्त पाठ म्हणून दाखवले.

मग मनू म्हणाली, तीन जागी बांधलेला पट्टासुद्धा १९५९ चाच आहे, तुझ्या गाडीपेक्षा तीन वर्षांनी जुना. तो काढणारा नील्स बोलिन आधी लढाऊ विमानांच्या इजेक्शन सीटवर काम करायचा. व्होल्वोने त्याचं पेटंट सगळ्यांना खुलं करून दिलं. "म्हणजे काळाला धरूनच आहे ना बाबा, तुझ्या ओरिजिनॅलिटीला कुठे धक्का लागतोय?" मी म्हणालो, दारामागच्या खांबाला भोक पडेल. अकरा वर्षं खपून उभी केलेली गाडी, त्या खांबाचा रंग मी तीनदा घासून पुन्हा मारलाय. शेवटी तडजोड झाली. एका भोकावर. ड्रायव्हरच्या बाजूच्या.

मेकॅनिकने आतून जाड पट्टी वेल्ड केली, नाहीतर नुसत्या पत्र्यातून बोल्ट झटक्यात उपटून येतो. काम चालू असताना मी बाहेर जाऊन उभा राहिलो. ड्रिलचा आवाज ऐकवत नव्हता.

"आणि माझ्या बाजूला?" तिने विचारलं होतं.

"तू काय रोज बसतेस?"

दर रविवारी बसते. त्या रविवारी तिची परीक्षा होती.

हे इथेच राहू दे.

खरं सांगायचं तर आज मला स्वतःची फार कीव येत होती. गाडीचं काय झालं हे कोणी विचारत नाही. अकरा वर्षं गेली त्यात. सुटे भाग मिळवायला किती पत्रं लिहिली, किती लोकांच्या अंगणातल्या भंगारात गुडघाभर उतरलो. आता ती ताडपत्रीखाली उभी आहे आणि घरात तिचं नाव निघालं की आवाज खाली येतात, कोणी गेल्यासारखे. माझं दुःख माणूस वाचल्याच्या आनंदात बसत नाही. म्हणून मीही गप्प. संध्याकाळी हे मनूला बोलून दाखवलं, बऱ्यापैकी गळा काढून.

ती म्हणाली, "बाबा, अ‍ॅम्ब्युलन्समध्ये शुद्धीवर आल्यावर तू पहिलं काय विचारलंस माहितीये?"

मला वाटलं, तिचं नाव घेतलं असेल.

"दाराची तिकोनी काच फुटली का, असं विचारलंस. दोनदा. ती मिळत नाही आता, असंही सांगितलंस त्या माणसाला."

(काच शाबूत आहे. मी नंतर विचारून घेतलं.)

हॉस्पिटलने कपड्यांची पिशवी परत दिली होती, ती आज पहिल्यांदा उघडली. शर्टाच्या चिंध्या, एक बूट आणि पट्ट्याचा हातभर तुकडा. हा कोणी जपून ठेवला कोण जाणे. एका टोकाला कात्रीने तिरपा कापलेला. मधे एके ठिकाणी वीण ताणून लाटा पडल्यात, आणि तो कडीतून सरसर ओढला गेला तिथे धागे वितळून चकचकीत झालेत, इस्त्री जास्त गरम झाली की कापडावर उमटतं तसे. नख घासलं तर तिथे गुळगुळीत लागतं, बाकी खरखरीत. छातीवरचा वळ उजव्या खांद्यापासून डाव्या कमरेपर्यंत आहे. आता जांभळ्याचा पिवळा झालाय. तुकडा त्यावर धरून बघितला. दोन बोटं रुंद वळ आणि दोन बोटं रुंद पट्टा. लोखंडाची खूण म्हणाल तर तीन बरगड्या आणि एक मनगट.

मग मी 'हो ना' का म्हणालो? लोखंडाने वाचवलं असेल तर अकरा वर्षं वाया गेली नाहीत, हे एक. आणि पट्ट्याने वाचवलं असेल तर पुढचा विचार डाव्या सीटवर जातो.

मनूला जाग आली. दिव्याचा उजेड दिसला असेल. दारात येऊन तिने तो तुकडा बघितला, माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "एकदा जोर घेतलेला पट्टा पुन्हा वापरायचा नसतो." मी म्हणालो, "माहितीये." जाऊन झोपली.

सकाळची भर: अप्पांना फोन केला. म्हटलं, काल चुकीचं बोललो, लोखंडाने नाही, मनूने बसवलेल्या पट्ट्याने वाचलो. लोखंडाने तर बरगड्या मोडल्या. सगळं सांगितलं, दांड्यापासून. अप्पा शांतपणे ऐकत होते. म्हणाले, "अरे वा. पोरगी हुशार आहे. पण काही म्हण, तुझी ती विंटेज गाडी होती म्हणून..."

"क्लासिक, अप्पा."

मनू आतून हसली. मला अजून हसता येत नाही, बरगड्या.