पाण्यात उभी पऱ्हाटी माना का टाकते?

पंधरा-वीस दिवसांची उघडीप, मग रात्रभर धो धो पाऊस आणि सकाळपासून कडक ऊन. भारी काळ्या रानातली, पात्या-बोंडांनी लगडलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, अशा दिवशी दुपारपर्यंत मलूल होते. बुडाशी पाणी साचलंय आणि झाड मात्र तहानलेलं! बहुतेक जण ‘रोग आला’ म्हणून फवारणीचा पंप काढतात. तो पंप जरा बाजूला ठेवा.

मुळं पाणी वर ढकलतात, ही समजूत अर्धीच खरी आहे. मुळांचा दाब असतो. पहाटे ज्वारीच्या पानांच्या टोकांवर लोंबणारे थेंब त्याच दाबाने आलेले. पण दुपारच्या उन्हात तो पुरा पडत नाही. खरी ओढ वरून लागते. पर्णरंध्रांतून, म्हणजे पानांवरच्या बारीक छिद्रांतून, वाफ जाते, पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असतात, त्यामुळे जलवाहिन्यांतली अखंड धार वर खेचली जाते. डिक्सन आणि जोली या शास्त्रज्ञांनी 1894 मध्ये ही मांडणी केली. जलवाहिन्या म्हणजे मेलेल्या पेशींच्या पोकळ नळ्या. त्यांना ना श्वास लागतो, ना अन्न.

अडचण नळीच्या दारात आहे. तिथवर पोचण्याआधी पाण्याला मुळातल्या जिवंत पेशींच्या कड्यातून जावं लागतं, आणि या पेशींना प्राणवायू लागतो. काळ्या मातीच्या फटी पाण्याने भरल्या की हवा निघून जाते, पेशी गुदमरतात आणि पाण्याची वाट आवळली जाते. वर ऊन ओढतंच आहे, खालून काही येत नाही. शेवटी धार तुटून नळीत हवेचा बुडबुडा अडकतो. हीच आकस्मिक मर. बोंडं जितकी जास्त, तितका फटका मोठा.

खात्री करायची तर एक झाड उपटून खोड बुडापाशी विळ्याने उभं चिरा. आत पांढरट, स्वच्छ दिसलं तर आकस्मिक मर. तपकिरी-काळ्या रेघा दिसल्या तर बुरशीने जलवाहिन्या बुजवल्यात. तुरीच्या मर रोगात अशाच रेघा दिसतात आणि तिथे खालचा उपाय चालत नाही.

आधी चर काढून साचलेलं पाणी बाहेर घालवा. ते साचलेलं असताना ओतलेलं औषध वाया जातं. मग 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम युरिया, 100 ग्रॅम पांढरा पोटॅश आणि 25 ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक मिसळून दर झाडाला 100 ते 150 मिली बुडाशी ओता. पंपाने ओतायचं तर नोझल काढूनच, कारण हे द्रावण पानांवर उडवायचं नाही. लक्षणं दिसल्यापासून 24 ते 48 तासांत हे झालं पाहिजे. पानं वाळल्यावर उपयोग नाही. या आळवणीनंतर, म्हणजे द्रावण बुडाशी ओतून झाल्यावर, बुडाची माती पायाने दाबून घ्या. वाफसा आला की हलकी कोळपणी, म्हणजे मुळांना हवा मिळेल.

जलवाहिन्यांखेरीज झाडात रसवाहिन्याही असतात, त्यांचं काम वेगळं. या जिवंत असतात, सालीलगत असतात आणि पानात तयार झालेली साखर बोंडाकडे, शेंगेकडे, मुळाकडे नेतात. नत्र आणि मॅग्नेशियम या रसवाहिन्यांतूनच जुन्या पानातून नव्या पानात जातात, म्हणून त्यांची कमतरता खालच्या पानांवर आधी दिसते. लोह मात्र जुन्या पानातून सहज हलत नाही. चुनखडीच्या रानात सोयाबीनचा शेंडा पिवळा पडतो, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, आणि खालची पानं ठणठणीत असतात, ते याच कारणाने. यावर 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम फेरस सल्फेट घेऊन ऊन उतरल्यावर फवारा. द्रावण ताजं हवं, तपकिरी झालेलं ओतून द्या. फवारलेली पानं हिरवी झाली तरी त्यानंतर फुटलेलं पान पुन्हा पिवळं दिसू शकतं. मग 8-10 दिवसांनी शेंड्यावर दुसरी फवारणी घ्या.